हिवाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याची बोट: ७२ वर्षांच्या आईला नेऊ का?

गुहागरची_लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्या आईचं माहेर दाभोळजवळचं. लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, ती आजोबांबरोबर मुंबईला बोटीने जायची. बोट धक्क्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, आपण पडावातून (छोट्या होडीतून) तिच्यापर्यंत जायचं आणि लाटेने पडाव वर उचलला गेला की वरचे खलाशी दंड धरून ओढून घ्यायचे. हे तिने मला शंभर वेळा सांगितलंय आणि दर वेळी सांगताना स्वतःचा दंड धरून दाखवते. त्या बोटी बंद झाल्या, मग रेल्वे आली, पण तिच्या डोक्यातून बोट काही गेली नाही.

मध्ये मी तिला मोबाईलवर नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीचा व्हिडिओ दाखवला. बर्गनहून निघते आणि पार वर रशियाच्या हद्दीजवळ किर्केनेसला जाऊन परत येते ती, हुर्टिगरूटन. मी दाखवत होते बर्फाचे डोंगर आणि ही बघत होती रात्रीच्या अंधारात एका एवढ्याशा बंदरात बोट थांबली, दार उघडलं, खोकी उतरली, दोन माणसं चढली आणि बोट निघाली ते. म्हणाली, अगं ही तर आपल्यासारखीच बोट आहे. आता रोज विचारते कधी जायचं.

मला आणि ह्यांना सुट्टी हिवाळ्यातच मिळते, डिसेंबर ते मार्च कधीही. एकदाच जाणार, पैसे साठवून जाणार, त्यामुळे नीट विचारून घेते. आईला बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत, अजून आगरात पाणी लावते. तर:

हिवाळ्यात समुद्र खवळलेला असतो का, आईला बोट लागेल का? तिकडे दिवसभर अंधार असतो म्हणतात, मग फ्योर्ड (कड्यांच्या मधून आत शिरलेला समुद्र) दिसणार तरी काय? थंडी तिला झेपेल का? आणि पूर्ण फेरी करावी की नुसतं वर जाऊन विमानाने परत यावं? कोणी खरंच जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

दर्याकाठ_रत्नागिरी

ताई, मी ही सफर प्रवासी म्हणून केलेली नाही, पण मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं काढली आणि त्या किनाऱ्यावर ऐन हिवाळ्यात बरेचदा गेलोय, नार्विकला लोखंडाची खनिजमाती भरायला. ते बंदर आर्क्टिक सर्कलच्या (उत्तर ध्रुववृत्ताच्या) वर असून हिवाळ्यात गोठत नाही. अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याला घासून वर जातो म्हणून. तेव्हा थंडीचं आधी सांगतो, लोकांना वाटतं तेवढी ती किनाऱ्यावर नसते. बर्गनला जानेवारीत शून्याच्या दोनेक डिग्री वर, ट्रॉम्सोला उणे तीन-चार, किर्केनेसला मात्र उणे दहा आणि कधी त्याच्याही बरंच खाली. त्रास थंडीचा कमी आणि वाऱ्याचा जास्त. अंगावर एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा आत लोकरीचं बनियन, मध्ये स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट असं करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे बर्गनमध्ये उतरल्या उतरल्या घ्या. ७२ वर्षांच्या बाईला तिकडे धोका थंडीचा नाही, बंदरातल्या गुळगुळीत बर्फावर पाय सरकण्याचा आहे. खुब्याचं हाड मोडलं की सफर तिथेच संपली.

आता बोट लागण्याचं. बहुतेक रस्ता बेटांच्या आडोशाने जातो, पाणी आपल्या खाडीसारखं. उघडा समुद्र ठरावीक ठिकाणीच लागतो: पहिल्या रात्री स्टाडचं टोक, पुढे मोल्डेनंतर हुस्टाडविका, मग बुडो ते लोफोटेन बेटं हा वेस्टफ्योर्डचा पट्टा (नावाला फ्योर्ड, पण आहे उघडा समुद्रच, साधारण चार तास लागतात) आणि वर होनिंग्सव्होगच्या पुढे बॅरेंट्स समुद्राची बाजू. ह्या पट्ट्यांत हिवाळ्यात बोट हलणार, ते धरूनच चला. वारा फार असला तर एखादं बंदर सोडूनही देतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कप्तान शहाणा आहे असं समजायचं.

केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मधोमध असलेली घ्या. कुंभार्ली घाटात एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, बोटीचंही तसंच, टोकाला दणके जास्त. वरच्या मजल्यावरची मोठ्या खिडकीची केबिन महाग पण असते आणि हलते पण जास्त. डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी घेऊन ठेवा, बीपीच्या गोळीबरोबर चालेल का ते नक्की विचारा, आणि ती पोटात ढवळायला लागल्यावर नाही तर आधी घ्यायची. पोट रिकामं ठेवू नका, सोबत आलेपाक ठेवा. तरीही लागलीच तर आडवं पडून डोळे मिटायचे. पण मला विचाराल तर जी बाई दाभोळच्या तोंडावर पडावातून बोटीवर चढलीये तिला वेस्टफ्योर्डचं मी फार सांगायला नको.

अजून एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे पावसाळा आला की बोटी बंद व्हायच्या, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावायचा नाही. तिकडचा हिवाळा म्हणजे आपल्या पावसाळ्यासारखाच, वर काळोख. १८९३ पर्यंत त्या उत्तरेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीची बोट चालवणं कोणी मनावर घ्यायचंच नाही. ट्रोन्हाइमहून हामरफेस्टला पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोचायचं आणि हिवाळ्यात पाच-पाच महिने लागायचे. मग रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ते अंगावर घेतलं. त्याने आणि त्याच्या वाटाड्याने आधी कितीतरी फेऱ्यांत दिशा, वेग आणि वेळ घड्याळ लावून वहीत उतरवून ठेवली होती, अमुक वेगाने इतकी मिनिटं सरळ आणि मग वळण, अशी. त्या आधारावर २ जुलै १८९३ ला त्याची ‘वेस्टरोलेन’ ट्रोन्हाइमहून निघाली. मी जहाजावरचा माणूस, मला त्या वहीचं अजून अप्रूप वाटतं. रडार नाही, जीपीएस नाही, काळोखात दोन्हीकडे खडक आणि हातात कंपास आणि घड्याळ.

मालवणची_सुगरण

ताई, आम्ही दोघं गेलो होतो, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, पूर्ण फेरी. जाताना ६ रात्री, येताना ५ रात्री, मिळून १२ दिवस आणि ३४ बंदरं. वरच्या काकांनी सगळं बरोबर लिहिलंय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

आधी अंधाराचं. ट्रॉम्सोला साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवत नाही. उगवत नाही म्हणजे काळामिट्ट नाही हां, दुपारी दोन-चार तास निळसर उजेड असतो, आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर दर्यावर असतो ना थोडा वेळ, तसा. ज्यांना तो निळा उजेडच बघायचाय त्यांनी डिसेंबरात जावं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पौर्णिमेला तर तिकडे वर चंद्र मावळतच नाही, चोवीस तास डोक्याभोवती फिरत राहतो. पण तुम्ही आईला नेताय आणि एकदाच जाताय तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात धरा. दिवस नऊ-दहा तासांचा होतो, डोंगर नीट दिसतात, बर्फ भरपूर असतो, आणि रात्रही पुरेशी काळी असते त्यामुळे नॉर्दर्न लाइट्स (आकाशात हलणारा हिरवा उजेड) पण दिसतात. ट्रॉम्सोत २१ जानेवारीला सूर्य परत आल्याचा दिवस करतात आणि त्या दिवशी गोड बन खातात, आम्हाला ते एका बेकरीतल्या बाईने सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा बघायला पाहिजे होता, आपल्याकडे पहिला पाऊस आला हे सांगतात तसा.

फ्योर्डबद्दल मात्र स्पष्ट सांगते नाहीतर तुमची निराशा होईल. जाहिरातीत जो गायरांगर दाखवतात तिथे ही बोट हिवाळ्यात जात नाही. ट्रोलफ्योर्ड म्हणून लोफोटेनजवळ अगदी अरुंद चिंचोळी फट आहे, तिथेही हिवाळ्यात साधारणपणे आत शिरत नाहीत कारण वरून बर्फ आणि दगड कोसळायची भीती. तुम्हाला दोन कड्यांच्या मधून जाणारा फ्योर्ड बघायचाच असेल तर बोटीच्या आधी दोन दिवस हातात ठेवा आणि बर्गनहून फ्लोम–गुडवांगेनला जा, तिथली नेरोयफ्योर्डची छोटी विजेवर चालणारी बोट हिवाळ्यातही असते. तो फ्योर्ड आणि गायरांगर दोन्ही २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आम्ही हे केलं नाही आणि ते अजून मला टोचतं.

मग मोठ्या बोटीवर काय बघायचं तर किनारा. आणि तुमच्या आईने व्हिडिओत बघितलं तेच, थांबे. दिवसा सगळे डेकवर गर्दी करतात पण मला रात्रीचे थांबे जास्त लक्षात राहिलेत. एके रात्री अडीचला जाग आली, इंजिनचा आवाज बदलला म्हणून, मी शाल-जॅकेट घालून वर गेले. एक धक्का, त्यावर दोन दिवे, मागे पाच-सहा घरं, सगळीकडे बर्फ. बोटीच्या बाजूचं दार खाली उतरलं, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करायला लागली, भाजीचे क्रेट, एक वॉशिंग मशीन, कोणाची तरी सायकल. एक म्हातारे गृहस्थ हातात दोर घेऊन उभे होते, त्यांनी तो खुंटाला घातला, काम होईपर्यंत तिथेच थांबले, आणि पंधरा मिनिटांनी दोर सोडून हात हलवून घरी गेले. कोणी बोललं नाही काही. मी तिथे उभी राहून रडले, कारण आमचे आजोबा मालवण बंदरात बोटीचं सामान उतरवायचे आणि आई सांगायची की बोट कितीही वाजता येवो, ते उठून जायचे. म्हणून सांगते, आईला एक तरी रात्र उठवा. जाताना जी बंदरं रात्री लागतात ती येताना दिवसा लागतात, वेळापत्रकच तसं आहे, त्यामुळे पूर्ण फेरी केली तर काही चुकत नाही. पैसे कमी पडत असतील तर नुसतं बर्गन ते किर्केनेस करा, पण झेपत असेल तर दोन्ही करा.

स्वोल्व्हेरला लोफोटेनमध्ये उतराल तेव्हा नाक उघडं ठेवा. लाकडाचे मोठे मोठे मांडव उभे केलेले असतात आणि त्यांवर कॉड वाळत घातलेला. आम्ही गेलो तेव्हा नुकते टांगायला लागले होते. जानेवारी ते एप्रिल हा मासा बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनला खाली येतो, तोच हंगाम. बिनमिठाचा वाळवतात, कारण तेव्हा हवा शून्याच्या आसपास असते, ना सडत ना गोठत. मी जवळ जाऊन बघितलं, दोन-दोन मासे शेपटीला सुतळीने बांधून काठीवर टाकलेले, एक इकडे एक तिकडे. आपल्याकडे बोंबील कसे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टाकतात, तिकडे शेपटीत शेपटी. आणि मुंडकी वेगळी वाळवतात, ती आफ्रिकेत नायजेरियाला जातात. वास तोच. ह्यांना म्हटलं डोळे मीट आणि सांग कुठे आहोत.

नॉर्दर्न लाइट्स: बोटीवर लाउडस्पीकरवर सांगतात, केबिनमध्येही ऐकू येतं, त्यामुळे झोपेत चुकणार नाही. डोळ्यांना आधी राखाडी ढगाचा पट्टा वाटतो, फोनचा नाइट मोड लावला की हिरवं दिसतं, आणि जोर धरला की मग डोळ्यांनाही हिरवं दिसतं आणि हलतं. आम्हाला बारा दिवसांत तीन रात्री दिसले, बाकी ढग. त्याच्याच भरवशावर जाऊ नका.

जेवण: मासे खाणाऱ्यांची चैन. शाकाहारी हवं असेल तर बुकिंग करतानाच लिहा. तपकिरी रंगाचं चीज ठेवतात नाश्त्याला, खाऊन बघा, गोडसर, मला कंदी पेढ्याची आठवण आली. किर्केनेसकडे किंग क्रॅब मिळतो, पाय पसरले की माणसाएवढा होतो, आपली कुर्ली त्याच्यापुढे बाळ. पण चव आपल्या खाडीच्या कुर्लीलाच आहे हे माझं प्रामाणिक मत.

तारकर्लीचो_झील

मालवणची सुगरणबाय, खूप बरा लिवलात. गुहागरच्या ताय, आवशीक घेवन जावा, इचार करीत बसू नकात.

खाडीपट्टा

मधेच विचारतो, फ्योर्ड म्हणजे खाडीच ना शेवटी? आमची जयगडची खाडी पण दोन्ही बाजूला डोंगर, मध्ये पाणी, तवसाळ–जयगड फेरीबोटीतून बघितलं तर काही कमी वाटत नाही.

देवगडचे_मास्तर

खाडीपट्टा, दिसायला भावकी आहे पण जन्म वेगळा. आपली खाडी नदीने कोरलेली, आणि नदीच्या तोंडाशी समुद्र आत शिरलाय. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला, म्हणजे हजारो फूट जाडीचा बर्फ डोंगर खरवडत खाली सरकला, तळ समुद्रसपाटीच्याही खूप खाली गेला आणि बर्फ वितळल्यावर त्यात समुद्र भरला. म्हणून आपली खाडी उथळ आणि गाळाची, तिवरं आणि खाजणं असलेली, आणि सोन्येफ्योर्ड बघा, २०० किलोमीटरच्या वर लांब आणि १३०० मीटर खोल! गंमत म्हणजे तोंडाशी मात्र तो उथळ असतो, हिमनदीने ढकलत आणलेली दगडमाती आणि न खरवडलेला खडक तिथे उंबऱ्यासारखा राहतो. आपल्या खाडीच्या तोंडाशी पण वाळूचा दांडा असतोच, होडीवाल्यांना विचारा, तेवढं साम्य धरा.

आणि गाळाचा विषय निघालाच आहे तर ताई, बोट व्हेस्टरोलेनमधून जाईल तेव्हा रिसोयरेना नावाचा भाग बघा. दोन बेटांमधलं उथळ पाणी, त्यातून खणून काढलेली साडेचार किलोमीटरची वाट, खास ह्या बोटीसाठी, १९२२ ला खुली झाली. दोन्हीकडे खुणेचे खांब आहेत आणि त्यांच्या मधून एवढी मोठी बोट हळूहळू जाते. मी ते फोटोतच बघितलंय पण प्रत्येक वर्गाला दाखवतो. आमच्या इथल्या खाडीत एके काळी गलबतं किती आतपर्यंत यायची ते आजोबा सांगायचे, आता ओहोटीला होडी टेकते. एक खाडी उपसून ठेवली तर किती गावं जोडलेली राहतात हे पोरांना कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गुहागरची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार. सुगरणताई, तुमचं ते अडीच वाजताचं आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, दोर धरणारा माणूस आमच्याकडे पण होता.

ठरवलं. फेब्रुवारीचा शेवट, बर्गनला आधी दोन दिवस, नेरोयफ्योर्ड करून मग पूर्ण फेरी. शेंगेन व्हिसाच्या तयारीला मी आधीपासूनच लागते, विम्यात तीस हजार युरोचं कव्हर लागतं ते पण वाचलं. खालची मधली केबिन. दोन कंपन्यांच्या बोटी आहेत असं दिसतंय, हाविलाच्या पण आहेत २०२१ पासून, वेळापत्रक एकच, तर तारखेप्रमाणे जी मिळेल ती.

आता आईचे दोन प्रश्न, तिच्याच शब्दांत. एक, बोटीवर चढायला पडाव असतो का? मी सांगितलं की नाही, बोट थेट धक्क्याला लागते आणि पूल असतो, तर जरा हिरमुसली. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. तिला आर्क्टिक सर्कल ओलांडताना दर्याला नारळ द्यायचाय. चालतं का हे?

दर्याकाठ_रत्नागिरी

ताई, बोटीवरून समुद्रात काहीही टाकायचं नाही, हा नियम कडक आहे आणि योग्य आहे, मी जन्मभर पाळलाय. तेव्हा डेकवरून नारळ नको. पण आईंना नाही म्हणू नका. इथून नेण्याच्या भानगडीत पडू नका, बर्गनला मोठ्या दुकानात नारळ मिळतो, एक घेऊन ठेवा. आर्क्टिक सर्कल सकाळी लागतं, एका छोट्या बेटावर पृथ्वीच्या गोलाची खूण केलेली आहे, सगळे ती बघायला डेकवर येतात. बोटीवर त्यांचा स्वतःचा पण विधी असतो, मानेवरून पाठीत बर्फाचं पाणी ओततात (आईंना लांब बसवा), आणि परतीला कॉड लिव्हर ऑइलचा चमचा देतात. तेव्हा आईंनी नारळ हातात धरून डेकवरूनच दर्याला नमस्कार करावा. मग दुपारी बुडोला बोट बराच वेळ थांबते, तिथे खाली उतरून बंदराच्या बाजूला दगडावर फोडा, पाणी दर्याला जाऊ द्या आणि खोबरं घेऊन वर या. त्याच संध्याकाळी वेस्टफ्योर्ड आहे. निघण्याआधी सगळ्यांना थोडं थोडं वाटा, दोर धरणाऱ्या माणसाला पण द्या.